नोकरी सोडून कादंबरी?

पुतण्याच्या दोन कथा दिवाळी अंकांत आल्या काय, लगेच नोकरी सोडायची भाषा! "काका, आता पूर्णवेळ लिहिणार." अरे बाबा, त्या मानधनात महिन्याचं वाणसामान तरी येईल का?

वि. स. खांडेकर १९२० साली शिरोड्याच्या शाळेत मास्तर झाले. पहिली कादंबरी १९३० ची. शाळा सुटली १९३८ ला. 'ययाति' १९५९ ची, ज्ञानपीठ १९७४ चं. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवतच राहिले. आणि हे कार्यशाळावाले पोरांना सांगतात, झोकून द्या! (फी मात्र आगाऊ.)

माझ्या अकरा कथा साभार परत आल्या. बारावी छापली. मानधन नाही, अंकाची एक प्रत आली, तीही कोपरा दुमडलेली. पुतण्याला तीच दाखवली. तेरावी परवा पाठवली.