करून पाहा : संगणकाचा ताप

बालमित्रांनो, तुम्हाला ताप आला की आई कपाळाला हात लावून पाहते. पण संगणकाला ताप आला तर? तो बिचारा आधी रेंगाळतो आणि फारच तापला की तुमचा अर्धवट प्रकल्प पोटात घेऊन पटकन बंद पडतो! म्हणून सुटे भाग जोडून केलेल्या संगणकाच्या कॅबिनेटला एक छोटा पडदा लावू या.

साहित्य : १६ अक्षरांच्या २ ओळींचा एलसीडी (मागे आयटूसी पट्टी असलेला), आर्डुइनो उनो, यूएसबी केबल आणि ४ तारा.

कृती : पट्टीच्या ४ तारा आर्डुइनोला जोडा – ५ व्होल्ट, ग्राउंड, एसडीए, एससीएल. दोन छोटे प्रोग्राम लागतील. संगणकातला प्रोग्राम प्रोसेसरचे तापमान यूएसबीतून पाठवील. आर्डुइनोतला ते पडद्यावर लिहील. वीजही त्याच केबलमधून मिळते.

पडदा कोराच? घाबरू नका. पट्टीवरच्या निळ्या ठोकळ्याचा स्क्रू हळूच फिरवा, अक्षरे उमटतील.

आणि एक गंमत! प्रत्येक अक्षर ५ × ८ म्हणजे ४० ठिपक्यांचे. पडद्याला देवनागरी येत नाही. पण आपली ८ चिन्हे त्याला शिकवता येतात. चौकटीच्या वहीत ‘त’ काढा पाहू!

काम रोजचेच, पण आकडा चढा दिसला, तर संगणक बंद करून प्लग काढा आणि पंख्यावरची धूळ ब्रशने झाडा. कॅबिनेट उघडताना घरातले मोठे माणूस सोबत हवेच. एसएमपीएसची पेटी मात्र कधीच उघडायची नाही हं!