दम केलेल्या पाण्याने विष उतरत नाही

सहावीच्या मुलांना पुण्याच्या कात्रज सर्पोद्यानात न्यायचं ठरवलं, तेव्हा चार पालकांनी परवानगीच्या चिठ्ठीवर सही केली नाही. त्यातले एक शाळेत येऊन म्हणाले, "सर, साप इन्सानाचा दुश्मन. त्याला बघायला पैसे कशाला घालवायचे? न्यायचंच तर एखाद्या किल्ल्यावर न्या." मी वाद घातला नाही. बाकीच्या मुलांना घेऊन गेलो. आता तो वाद इथे घालतो.

हे सर्पोद्यान 1986 साली नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने उभं राहिलं. त्याआधी, 1980 साली, खैरे 72 विषारी सापांसोबत 72 तास एका खोलीत राहिले होते. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. चाळीस वर्षं उलटून गेली तरी आमच्या मोहल्ल्यात साप दिसला की आधी काठी शोधली जाते. नाग असो की बिनविषारी धामण, दोघांचा निकाल एकच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे, हे तर कुणाच्या गावीही नसतं.

काचेपलीकडची घोणस बघून एक मुलगा ओरडला, "सर, अजगराचं पिल्लू!" ही चूक शेतात झाली असती तर? तेवढ्या एका कारणासाठीही ही सहल वसूल होती. पुढे मण्यारच्या चित्रासमोर एक मुलगी थबकली. हळूच म्हणाली, "माझ्या मामूला हाच चावला असेल." मामू गावी जमिनीवर झोपले होते. रात्री पोटात दुखू लागलं. जखम दिसेना, म्हणून घरच्यांनी आमिलाला बोलावलं. त्याने पाणी दम करून दिलं, ताईत बांधला. पहाटे मामूंच्या पापण्या मिटू लागल्या, बोलता येईना. दवाखान्याच्या वाटेवरच ते गेले.

मण्यार अशीच चावते. रात्री, झोपेत, फारसं न दुखवता. पोटदुखी, मग जड पापण्या, मग श्वास बंद. मामूंना हवं होतं ते प्रतिविषाचं इंजेक्शन आणि गरज पडली तर श्वासासाठी यंत्र. भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी.

"पण अमुक बाबांच्या दमाने लोक वाचलेत ना?" वाचलेत, कारण बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. जो वाचणारच होता त्याचं श्रेय आमिलाला जातं. जो मरतो त्याची "वेळ भरली होती". असा हिशेब ठेवला तर कोणताही भोंदू नापास होत नाही.

मग कुणीतरी हदीस पुढे करतो. दंश झालेल्या एका सरदारावर सहाबींनी सूरे फातिहा पढली आणि तो बरा झाला. हदीस सहीह आहे, माझं तिच्याशी भांडण नाही. पण आजारावर इलाज करा, असं सांगणारेही तेच रसूल (स.) आहेत. आधी उंट बांधा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवणही त्यांचीच. दुआ जरूर करा. अँब्युलन्समध्ये बसून करा.

आमची स्मरणशक्तीही सोयीची आहे. पाल मारली की सवाब मिळतो, हे पाच वर्षांच्या पोरालाही पाठ असतं. बेडूक मारायला रसूलांनी मनाई केली, तीही औषधासाठी मारायचा प्रश्न आला असताना, हे किती जणांना माहीत आहे? साप मारायची परवानगी देणाऱ्या हदिसा आहेत, हे मी लपवत नाही. पण घरात निघालेल्या सापाला आधी ताकीद द्या, लगेच मारू नका, अशीही हदीस आहे. जमिनीवर चालणारे आणि पंखांनी उडणारे सगळे जीव तुमच्यासारख्याच उम्मती आहेत, असा सूरे अनआमचा आशय आहे. काठीची हदीस तेवढी आठवते, बाकीच्या विसरतात. याला मी दीनदारी म्हणणार नाही.

आमचे शेजारी नागपंचमीला नागाला दूध पाजू बघतात. साप दूध पिऊन जगत नाही. ते पूजा करतात, आम्ही ठेचतो, आणि त्याला नीट ओळखत दोघंही नाही. दंश झाला की ते मांत्रिकाकडे धावतात, आम्ही आमिलाकडे. त्यांच्या घरातला झाडू त्यांनी मारावा, मी आमच्या घरातला मारतोय.

मी उर्दू शिकवतो. विषाच्या उताऱ्याला उर्दूत तिर्याक म्हणतात. सर्पदंशावरच्या उताऱ्यांचा ग्रंथ 'किताब अल-दिर्याक' आमच्याच परंपरेतला, त्याची 1199 सालची सचित्र प्रत आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यातले सगळे उतारे आज टिकणार नाहीत, पण लिहिणाऱ्याने निदान इलाज शोधला होता. त्याचे वारस म्हणवणारे आम्ही फुंकर मारून मोकळे होतो.

म्हणून इमामसाहेबांना माझी जाहीर विनंती आहे. पावसाळ्याआधीच्या एका जुम्म्याला पाच मिनिटं द्या. मिंबरवरून सांगा: साप चावला तर चिरू नका, आवळून बांधू नका, विष चोखू नका, चावलेला अवयव हलवू नका, 108 ला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा. खाटेवर, मच्छरदाणीत झोपा. रात्री टॉर्चशिवाय बाहेर पडू नका. मशिदीच्या फलकावर नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांची चित्रं लावा.

आणि पालकांनो, पुढच्या वर्षी ती चिठ्ठी परत येईल. सही करा. त्या मुलीने परतीच्या बसमध्ये मला विचारलं, "सर, हे आधी माहीत असतं तर मामू वाचले असते का?" मी खिडकीबाहेर बघत राहिलो.