रानपिंगळा आणि खोटी चिठ्ठी



वनहक्काचा दावा भरायला गेलं की पहिला सवाल येतो, "कागद कुठाय?" म्हणून कागदाचीच एक गोष्ट सांगतो. गोष्ट एका पाखराची आहे.

रानपिंगळा म्हणजे सागाच्या रानातलं लहानसं घुबड. १८७३ साली ह्यूम नावाच्या इंग्रजानं त्याला शास्त्रात नाव दिलं. साहेब लोकांनी मारून, पेंढा भरून ठेवलेले नमुने मोजून सात. शेवटचा १८८४ चा, खानदेशातला. पुढं पाखरू फक्त पुस्तकात राहिलं.

मग मायनर्त्झहागन नावाचा एक फौजी कर्नल निघाला. १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ आपण एक मारलं, अशी चिठ्ठी त्यानं पाखराला बांधली. ती साफ खोटी होती. पाखरू डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्यानं पूर्वीच खानदेशात मारलेलं होतं. कर्नलनं ते लंडनच्या म्युझियमातून चोरलं, अन् नव्यानं पेंढा भरून आपलं म्हणून दाखवलं. साहेबाच्या चिठ्ठीवर शंका कोण घेणार? शोधणारे मांडवीचं रान धुंडाळत बसले. आपल्या म्हाताऱ्याच्या जबाबाला मात्र दहा शंका!

अमेरिकेच्या पामेला रासमुसेन बाईंनी तो नमुना नीट तपासला, एक्स-रे काढला, आत डेव्हिडसनच्या हातची पद्धत ओळखली. खोटी जागा सोडून खऱ्या नोंदींच्या जागी त्या साथीदारांसह आल्या, अन् २५ नोव्हेंबर १९९७ ला रानपिंगळा दिवसाढवळ्या दिसला. कुठं? शहाद्याजवळ. अंबरसिंग महाराज अन् श्रमिक संघटनेनं भिल्लांच्या गेलेल्या जमिनींसाठी लढा दिला, तोच मुलूख. पुढं तोरणमाळ, मेळघाटातही पाखरू सापडलं.

११३ वर्षांनी 'शोध लागला' म्हणून छापून आलं. ती सगळी वर्षं भिल्ल-पावरा माणसं त्याच रानात ढोरं चारत होती.

आम्ही शास्त्राला नावं ठेवत नाही. चोरी पकडली तीही शास्त्रानंच. अन् त्याच पाखराचा अभ्यास करणाऱ्यांनी लिहिलंय, की झाडतोडीनं अन् घुबडाच्या जादूटोण्यापायी त्याचा जीव जातो. हे आपल्यालाही लागू आहे. पिंगळा बोलला की अपशकुन म्हणत पोरं गलोल उचलतात, ते गावानं थांबवावं. वनहक्क कायद्याच्या कलम ५ नं वन्यजीव राखायचं कामही ग्रामसभेकडंच दिलंय.

पण जनावरांचं नाव पुढं करून कोणी अभयारण्यातलं गाव उठवायला आलं, तर कलम ४(२) वाचून दाखवा. आधी सगळे हक्क मंजूर झाले पाहिजेत. माणसांमुळं कधी भरून न येणारं नुकसान होतंय अन् दोघं एकत्र राहूच शकत नाहीत, हे दाखवलं पाहिजे. पुनर्वसनाला ग्रामसभेची लेखी संमती पाहिजे. नुसतं "शास्त्रज्ञांनी सांगितलंय" चालणार नाही. पाहणी कोणी केली, कोणत्या तारखेला, कोणत्या शिवारात, हे विचारा अन् ठरावाच्या वहीत लिहून घ्या.

अन् दाव्यांचं राहिलंय ते उरका. नियम १३ प्रमाणं वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही पुरावा धरतात. ज्यांच्या घरी जुनी माणसं आहेत त्यांनी येत्या ग्रामसभेआधी जबाब लिहून, वाचून दाखवून, अंगठा घेऊन ठेवावा. लिहायला कोणी नसेल तर नरसीच्या बाजारच्या दिवशी आम्हाला गाठा, आम्ही लिहून देऊ.