मार्केटिंग 'राजापूरच्या गंगे'सारखं असून चालेल का? हापूस विकणाऱ्यांचं बारमाही गणित समजून घ्या

कोकणात एखादा माणूस क्वचितच तोंड दाखवायला लागला की त्याला म्हणतात, "तू म्हणजे राजापूरची गंगा झालास!"

ही गंगा राजापूरजवळच्या उन्हाळे गावात आहे. ती कधी अवतरेल आणि किती दिवस राहील याचा नेम नसतो. आली की चौदा कुंडं भरतात, बातम्या होतात, भाविकांची रीघ लागते. गेली की कुंडं कोरडी पडतात.

याच उन्हाळे गावात गरम पाण्याचा एक झराही आहे. तो बारा महिने वाहतो. त्याची बातमी होत नाही, पण अंघोळीला माणसं वर्षभर येतात.

राजापूर तालुक्यातच नाही, तर सगळ्या कोकणात सोशल मीडियावरून आंबा विकणाऱ्या बऱ्याच छोट्या बागायतदारांचं मार्केटिंग गंगेसारखं असतं. मार्चमध्ये पेज जागं होतं. दिवसाला तीन-तीन पोस्ट, रील्स, स्टेटस. जूनचा पाऊस पडला की शेवटची पोस्ट येते, "सीझन संपला, धन्यवाद." मग नऊ महिने शुकशुकाट आणि पुढच्या मार्चला पुन्हा शून्यापासून सुरुवात.

याची किंमत किती मोजावी लागते आणि झऱ्यासारखं मार्केटिंग करायचं तर काय करावं लागेल, ते पाहूया.

बागायतदार मोबाईलवर कधी आला?

हापूसचा जुना रस्ता ठरलेला होता. बागेतून पेटी निघायची आणि वाशीच्या बाजार समितीत जायची. तिथे दलाल ती विकायचा आणि हिशेबाची पट्टी बागायतदाराकडे यायची. आंबा कोणी खाल्ला, आवडला की नाही, हे बागायतदाराला कधीच कळायचं नाही. ग्राहकालाही आंबा कोणत्या बागेतला आहे ते माहीत नसायचं.

थेट विक्री करणारे आधीही होते. पण मोठं वळण आलं ते २०२० मध्ये. मार्चच्या शेवटी देशभर लॉकडाऊन लागला, तेव्हा झाडावर फळ तयार होत होतं. नेहमीची साखळी विस्कळीत झाली. मग अनेक बागायतदारांनी मुंबई-पुण्यातल्या हाउसिंग सोसायट्यांशी थेट संपर्क केला. व्हॉट्सअॅप ग्रुपवर ऑर्डर गोळा झाल्या आणि टेम्पो सोसायटीच्या गेटवर पोहोचले.

त्या वर्षी अनेकांच्या हाती पहिल्यांदाच ग्राहकांचे नंबर आले. ते नंबर पुढे जपले गेले का, हा खरा प्रश्न आहे.

फक्त सीझनमध्ये ओरडणं महाग का पडतं?

पहिलं कारण म्हणजे गर्दी. एप्रिलमध्ये सगळेच आंबेवाले एकाच वेळी पोस्ट टाकतात. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातींची जागा लिलावाने विकली जाते. मुंबई-पुण्यातल्या त्याच ग्राहकांसाठी, त्याच आठवड्यांत सगळ्यांनी बोली लावली तर दर चढणारच. ज्याचं बजेट दोन-चार हजारांचं आहे, तो या लिलावात सहसा मागे पडतो.

दुसरं कारण म्हणजे विश्वास. कोकणातल्या हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यालाच 'हापूस' म्हणून विकण्याचा हक्क आहे. तरीही कर्नाटकातला आंबा 'रत्नागिरी हापूस' छापलेल्या पेटीत भरून विकल्याच्या तक्रारी दरवर्षी होतात.

अशा वेळी मार्चमध्ये अचानक उगवलेलं पेज आणि खरा बागायतदार यांच्यातला फरक ग्राहकाने ओळखायचा कसा? दोघांच्या पेजवर पिवळ्याधमक आंब्याचे तसेच फोटो असतात आणि 'शंभर टक्के ओरिजिनल' असंच लिहिलेलं असतं.

फरक दिसतो तो उरलेल्या नऊ महिन्यांत. नोव्हेंबरमधली पालवी, डिसेंबरमधला मोहोर, जानेवारीतली वाटाण्याएवढी फळं यांचे फोटो फक्त बाग असलेल्या माणसाकडेच असतात. जीआयची नोंदणी हा कागदावरचा पुरावा झाला. बागेचं वर्षभराचं दर्शन हा ग्राहकाला रोज दिसणारा पुरावा आहे.

लाख व्ह्यूज लागतात की शंभर घरं?

इथे थोडं गणित करू. समजा एका छोट्या बागायतदाराकडे थेट विक्रीसाठी २०० पेट्या आहेत. एका घराने सीझनमध्ये २ पेट्या घेतल्या, तर त्याला ग्राहक किती लागतील? फक्त १०० घरं.

आता एका रीलला लाखभर व्ह्यूज मिळाले असं समजा. त्यातले बरेचसे लोक तिथले असतील, जिथे पेटी पोहोचवणं परवडत नाही. आंबा नाशिवंत आहे. गाडी जिथे वेळेत जाते तिथलाच ग्राहक कामाचा.

म्हणजे छोट्या व्यवसायासाठी व्हायरल होणं हे ध्येयच चुकीचं ठरू शकतं. १०० घरांपैकी ७० घरं पुढच्या वर्षी परत आली तर नवीन फक्त ३० शोधावी लागतात. कोणीच परत आलं नाही तर दरवर्षी १००. वर्षभराच्या मार्केटिंगचा हेतू एवढाच, की ती ७० घरं तुटू नयेत.

यादी कोणाच्या मालकीची?

२९ जून २०२० ला भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि अनेकांनी मेहनतीने जमवलेले फॉलोअर्स हातातून गेले. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप जगभर सुमारे सहा तास बंद पडलं. एप्रिलमधल्या एखाद्या दिवशी असं झालं आणि पेट्या भरून तयार असल्या तर?

म्हणून फॉलोअर्स ही भाड्याची जागा आहे आणि ग्राहकांची यादी हे स्वतःचं घर. नाव, नंबर, परिसर, मागच्या वर्षी किती पेट्या घेतल्या, काही तक्रार होती का, एवढं साध्या वहीत लिहिलं तरी पुरतं. वहीची एक प्रत मात्र दुसरीकडे हवी.

व्हॉट्सअॅप बिझनेस हे मोफत अॅप इथे कामाला येतं. त्यात मालाचा कॅटलॉग लावता येतो, ग्राहकांना लेबल देता येतात, नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवता येतात. मात्र एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. ब्रॉडकास्ट लिस्टमधून पाठवलेला मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोहोचतो. त्यामुळे पेटीसोबत 'आमचा नंबर सेव्ह करा' असं सांगणारी चिठ्ठी टाकणं साध्या जाहिरातीपेक्षा जास्त उपयोगाचं ठरू शकतं.

आणि न विचारता कोणालाही ग्रुपमध्ये घालू नये. माणसं बाहेर पडतात, आणि पुन्हा येत नाहीत.

मग वर्षभर टाकायचं तरी काय?

दर महिन्याला काहीतरी घडतच असतं.

- जून ते ऑगस्ट: झाडांना खत, भातलावणी, पाऊस. विकायला आमसुलं, काजूगर, आंबापोळी, फणसपोळी. सीझनमधल्या ग्राहकांना एक फोन किंवा मेसेज, "आंबा कसा लागला?"
- गणपती ते दिवाळी: चाकरमानी गावी येतात, परतताना पिशव्या भरून नेतात. दिवाळीत भेट म्हणून काजूगर चालतो. घरी बनवलेले पदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची नोंदणी आणि पाकिटावर तो क्रमांक हवा.
- नोव्हेंबर ते जानेवारी: पालवी, थंडी, मोहोर, फवारणी. तुडतुडे, फुलकिडे किंवा अवकाळी पावसाने नुकसान झालं तर तेही सांगावं. डिसेंबरमध्ये गळलेला मोहोर ज्याने पाहिलाय, त्याला एप्रिलमधला चढा दर समजावून सांगावा लागत नाही.
- फेब्रुवारी: जुन्या ग्राहकांसाठी आधी बुकिंग, मग नवीन ग्राहकांसाठी.
- मार्च ते मे: आज किती पेट्या, दर काय, गाडी कुठे जाणार, इतकंच. एडिटिंग करायला या दिवसांत वेळही नसतो.

एवढं जमणार कसं?

खरी अडचण इथेच आहे. घरात माणसं मोजकी. बाग, भात, गुरं, मुलांची शाळा, त्यात गावात रेंज कधी असते, कधी नसते. 'रोज पोस्ट टाका' हा सल्ला पगारी टीम असलेल्या ब्रँडसाठी ठीक आहे. राजापुरातल्या घराने तो पाळायचा ठरवला तर पंधरा दिवसांत दमछाक होऊन सगळंच बंद पडतं. पुन्हा गंगाच.

त्यापेक्षा आठवड्याला दोन तास पुरे. काम करताना काढलेला एक फोटो आणि त्याखाली चार साध्या ओळी, यासाठी अर्धा तास. मेसेजना उत्तरं द्यायला तासभर. वही अद्ययावत करायला अर्धा तास. वार ठरलेला असावा आणि काम घरातल्या एकाच माणसावर पडू नये. एखादा आठवडा चुकला तर पुढच्या आठवड्यात दुप्पट करायचं नाही. जिथे थांबलो तिथून पुढे.

मोजायचंही एकच. मागच्या वर्षीच्या किती घरांनी यंदा पुन्हा पेटी घेतली? हा आकडा वाढत असेल तर लाइक्स कमी असले तरी काळजी नाही. तो घसरत असेल तर पोस्ट वाढवण्याआधी त्या घरांना फोन करून विचारावं. कदाचित आंबा कच्चा गेला असेल, पेटी उशिरा पोहोचली असेल. ती चूक कोणत्याही रीलने झाकली जात नाही.

गंगा आली की गर्दी होते, हे खरं. पण गर्दी पांगते. पाच वर्षांनीही त्याच शंभर घरांत आपली पेटी उघडली जावी असं वाटत असेल, तर शेजारच्या झऱ्याकडे बघावं. त्याचं पाणी थोडंच असतं, पण ते वाहायचं थांबत नाही.