वेदनेचे औषध आणि वेदनेचे कारण

भिवंडीजवळच्या वळ गावातील गोदामांत महानगराचा माल उतरतो तो हमालांच्या पाठीवर. पाठ दुखली की वेदनाशामक गोळी गिळायची व पुढच्या पाळीला उभे राहायचे, हाच तेथील आरोग्यविमा!

अफूवर्गातील प्रबळ वेदनाशामके मेंदूवर काम करतात. म्हणूनच ती व्यसन लावतात, अतिमात्रेत श्वासही थांबवतात. मुंबईतील एक कंपनी अशा टॅपेन्टाडॉलचे घातक मिश्रण पश्चिम आफ्रिकेत पाठवीत असल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने उघड केले, तेव्हा कुठे सरकारने निर्यातबंदी केली. या पार्श्वभूमीवर मेंदूला हात न लावता वेदना अडविणाऱ्या औषधांचे संशोधन स्वागतार्हच आहे. ३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत मान्यता मिळालेले सुझेट्रिजिन हे त्यांपैकी एक. वेदनेचा संदेश वाहणाऱ्या बाह्य मज्जातंतूंतील सोडियमचा एक विशिष्ट मार्ग ते बंद करते.

परंतु पहिल्याच दिवशी एका गोळीची किंमत ठरली १५.५० डॉलर! दिवसाच्या दोन गोळ्या म्हणजे अडीच हजारांहून अधिक रुपये. संशोधनाला खर्च येतो, असे कंपनीधार्जिणे अर्थपंडित सांगतात. मात्र या सोडियम-मार्गाचे वर्णन १९९६ साली प्रसिद्ध केले ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी. ज्ञान समाजाचे आणि मक्तेदारी कंपनीची, हा कोणता न्याय? आपल्या पेटंट कायद्यात सक्तीच्या परवान्याची तरतूद आहे. मार्च २०१२ मध्ये तिच्याच आधारे कर्करोगावरील एका औषधाचा मासिक खर्च सुमारे पावणेतीन लाखांवरून नऊ हजारांखाली आला. हे शस्त्र गंजू देता कामा नये.

तथापि औषध स्वस्त झाले म्हणजे प्रश्न मिटला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. सुझेट्रिजिनची मान्यता तात्पुरत्या तीव्र वेदनेपुरती आहे. कमरेतून पायात उतरणाऱ्या जुनाट वेदनेवरील चाचणीचे निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये आले. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांनाही जवळजवळ तितकाच उतार पडला होता. आणि हमालाचे दुखणे नेमके याच जातीचे!

पाठीवरचे ओझे कोणतीही गोळी उतरवीत नाही. ते उतरविण्यासाठी महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. वळच्या प्रत्येक गोदामात त्याची नोंदणी, वजनाची मर्यादा आणि दुखापतीची भरपाई मिळविणे, हे कार्यकर्त्यांचे काम आहे. वेदना मेंदूपर्यंत पोहोचू नये, हे शास्त्रज्ञ पाहतील. ती मालकाच्या हिशेबवहीपर्यंत पोहोचलीच पाहिजे, हे आपण पाहायचे आहे.