भोपाळचा पाऊस आणि समुद्रावरील पहारा

भोपाळपासून समुद्र शेकडो कोस दूर. आपल्या शहरातील कितीतरी मुलांनी तो केवळ चित्रात पाहिलेला असतो. तरीही श्रावणात भदभद्याचे दरवाजे उघडल्याची वार्ता येते, तेव्हा त्या पाण्याशी बंगालच्या उपसागराचे नाते असते. उपसागरावर जन्मणारी कमी दाबाची क्षेत्रे ओडिशा व छत्तीसगड ओलांडून वायव्येस सरकतात आणि माळव्यावर धो धो बरसतात. ती तेथे का जन्मतात, आणि पाऊस मधूनच रुसून का बसतो, हा प्रश्न म्हणूनच आपल्या घरचा आहे.

उपग्रहाला ढगांचे माथे दिसतात. ढगांखालच्या हवेत आणि तिच्याखालच्या पाण्यात काय चालले आहे, हे नीट कळावयाचे तर तेथे जाऊन ठाण मांडावे लागते. त्यासाठीच १९९९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, ऐन पावसाळ्यात, ‘बॉबमेक्स’ नावाचा प्रयोग झाला. ‘सागरकन्या’ ही संशोधन नौका उत्तर उपसागरात उभी राहिली आणि ‘सागरध्वनी’ दक्षिणेकडे. भारतातील १५ संस्थांचे सुमारे ८० शास्त्रज्ञ या कार्यात सहभागी झाले होते.

इतर जहाजे वादळी हवा टाळून जातात. या जहाजांनी तिच्या वाटेतच मुक्काम केला. वारा बहुधा ताशी २९ किलोमीटरहून अधिक. जेथे जेवणाचे ताटही जागेवर राहत नाही, अशा डोलत्या जहाजावरून हवामानाचा फुगा सोडावयाचा. त्याला टांगलेली इवलीशी पेटी वर जाता जाता हवेचे तापमान, आर्द्रता व दाब रेडिओने कळवीत राहते. दुसरे उपकरण तारेने पाण्यात उतरवावयाचे; ते खोलीगणिक उष्णता व खारेपणा सांगते. जहाजाच्या स्वतःच्या उबेने मोजमाप बिघडू नये म्हणून वाऱ्याची उपकरणे नाळेपुढे दांड्यावर बांधतात आणि नाळ वाऱ्याकडे वळवून धरतात. या कामाला रात्र नाही, रविवार नाही. परीक्षेत चुकलेला प्रश्न विद्यार्थ्याला पुढील वर्षी सोडविता येतो. चुकलेल्या घटकेचे निरीक्षण मात्र पुन्हा घेता येत नाही.

या पहाऱ्यातून काय हाती आले? उत्तर उपसागरावर अतिसूक्ष्म नोंदी घेणारे फुगे प्रथमच सोडले गेले. ढगांना उंच उचलणारी हवेतील शक्ती एका जोरदार पावसानंतर खर्ची पडते, पण एक-दोन दिवसांतच पुन्हा भरून येते, असे त्यांनी दाखविले. पावसात समुद्राचा पृष्ठभाग किंचित निवतो आणि आभाळ उघडताच पुन्हा तापतो. उत्तर भागातील वरचे पाणी पावसाळाभर अधिकाधिक गोडे होत गेले, हीदेखील नोंद झाली. नद्यांचे व पावसाचे गोडे पाणी हलके असते. ते खाऱ्या पाण्यावर थरासारखे पसरते, खालच्या थंड पाण्यात सहजी मिसळत नाही आणि म्हणून लवकर तापते. तापलेला समुद्र हेच नव्या ढगांचे माहेर.

आता हे शास्त्र आपल्या अंगणातही आले आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने शेजारच्या सिहोर जिल्ह्यात, सिलखेडा येथे, २०२४ मध्ये वातावरण-संशोधनाचे केंद्र सुरू केले. उपसागरावरून निघालेले ढग मध्य भारतावर कसे वागतात, हे तेथे अभ्यासिले जाते. सोयाबीनच्या पेरणीपूर्वी आकाशाकडे डोळे लावून बसणाऱ्या शेतकऱ्याला अंदाज दोन दिवस आधी व अधिक अचूक मिळाला, तर त्याचे बियाणे वाचते. समुद्रावरील त्या जागरणाचे मोल शेवटी या शेतातच ठरावयाचे आहे.

वाचकहो, भदभद्यावरून सुटलेले पाणी कलियासोतेतून बेतवेला मिळते. बेतवा यमुनेला, यमुना गंगेला आणि गंगा बंगालच्या उपसागराला. त्या गोड्या थरात आपल्या मोठ्या तलावाचेही काही थेंब असतात. पुढच्या पावसाळ्यात दरवाजे उघडलेले पाहावयास मुलांना घेऊन जाल, तेव्हा नकाशाही बरोबर न्यावा.