रामसिंहांच्या काचा आणि अदृश्य खूण

जयपूरचे महाराजा सवाई रामसिंह दुसरे (कारकीर्द १८३५ ते १८८०) स्वतः कॅमेरा चालवत. जनान्यातल्या स्त्रियांचीही छायाचित्रे त्यांनी काढली. त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह सिटी पॅलेसच्या संग्रहालयात आहेत. काच कपाटात सांभाळता येते. डिजिटल प्रत मात्र एकदा बाहेर पडली की कुठेही पोहोचते, आणि कोपऱ्यात छापलेले नाव कोणीही कापून टाकतो.

म्हणून खूण चित्राच्या आतच हवी. या अंकाचा विषय हाच. रंगीत चित्रातल्या प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा आणि निळा यांचे ० ते २५५ मधले तीन आकडे असतात. त्यांतल्या प्रत्येक आकड्याचा शेवटचा बिट (० किंवा १) बदलला, तर तो आकडा फक्त एकाने सरकतो. डोळ्याला काही कळत नाही. दहा लाख बिंदूंच्या चित्रात असे ३० लाख बिट मिळतात. एवढ्यात युनिकोडमधली सुमारे सव्वा लाख देवनागरी चिन्हे मावतात, म्हणजे अख्खे छोटे पुस्तक! पण व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र पाठवताना ते दाबले जाते आणि हा मजकूर पुसला जातो. टिकाऊ खूण अधिक खोलवर, चित्राच्या गणिती घडणीतच रुजवावी लागते. मजकूर खरोखर गुप्त असेल, तर तो आधी कूटबद्ध करावा, मगच लपवावा.

जुनी छायाचित्रे डिजिटल करणाऱ्या प्रत्येक संस्थेने अशी खूण घालणे हा कामाचा नियमच करावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.